लाइव्ह म्हणायचं आणि स्टुडिओत गायचं

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम आमच्या घरी आला तो ९० मिनिटांच्या कॅसेटवर भरून. दादाने (चुलतभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा) कॉलेजातल्या कुणाच्या तरी एलपीवरून भरून आणलेली. आता हा अल्बम म्हणजे दोन एलपी, एकूण ७६ मिनिटांच्या आसपास, म्हणजे ९० च्या कॅसेटमध्ये आरामात बसायला हवा की नाही? पण पहिली चार गाणीच ३६ मिनिटं खातात आणि पाचवं 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' जवळजवळ १० मिनिटांचं, त्यामुळे ए साइड संपते तेव्हा गाणं अजून चालूच असतं. त्या गाण्यात गायक इयन गिलन आणि गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर यांचा सवाल-जवाब आहे, गिटारने एक तुकडा टाकायचा, गिलनने तोच गळ्यातून काढून दाखवायचा, मग अजून वर, अजून वर, शेवटी गिलन अशी किंकाळी फोडतो की शेजारचे काका दार वाजवायचे. आणि मग गाणं परत खाली यायला लागलं की खट्ट. टेप संपली. ते गाणं संपतं कसं हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं.

हे सांगायचं कारण, परवा चार मित्र बसलो होतो आणि नेहमीचा वाद निघाला की सगळ्यात भारी लाइव्ह अल्बम कुठला. या वादात 'मेड इन जपान'वाल्यांचा एक हुकमाचा एक्का असतो आणि तो ते पहिल्या पाच मिनिटांतच टाकतात, "आमच्यात ओव्हरडब नाही." म्हणजे कॉन्सर्टनंतर स्टुडिओत जाऊन एकही सूर परत वाजवलेला नाही की गायलेला नाही. मी स्वतः हा पत्ता शंभर वेळा टाकलाय. पण परवा घरी येताना विचार करत होतो की आपण नक्की कशाचा अभिमान मिरवतोय, आणि दुसऱ्यांना ज्याच्यासाठी शिव्या घालतो तोच नियम आपल्या आवडत्या बँडला लावतो का. तर नाही लावत. अजिबात नाही लावत.

आधी पर्पलचंच बघू. ऑगस्ट १९७२, १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियोचा बुडोकान हॉल. रेकॉर्डिंगची कल्पना बँडची नव्हतीच, जपानी रेकॉर्ड कंपनीला लाइव्ह अल्बम हवा होता आणि बँड फारसा उत्सुक नव्हता, फक्त जपानपुरता काढायचाय ना, मग काढा, असा एकूण सूर. त्यांची अट एवढीच की रेकॉर्डिंग आमचा माणूस करणार, म्हणून इंजिनियर मार्टिन बर्च सोबत गेला आणि आठ ट्रॅकच्या मशीनवर तिन्ही रात्री टेप करून आणल्या. नंतर मिक्सिंगला फक्त बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस फिरकले, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. मला वाटतं हा अल्बम इतका जिवंत लागतो त्याचं अर्धं कारण हा निष्काळजीपणा आहे. जपून ठेवायची वस्तू आपण बनवतोय हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं, त्यामुळे कुणी सांभाळून वाजवत नाहीये. सुरुवातीला पेस स्नेअरवर नुसतं टकटक करतोय, मागून जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन फुगत फुगत येतो, अजून गाणं सुरूही झालेलं नाही आणि पब्लिक चेकाळलंय. मध्येच मॉनिटरच्या (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरच्या) आवाजावरून स्टेजवरच बोलणं होतं आणि गिलन म्हणतो की सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठं करता येईल का. हे कुणी कापलं नाही. कापायला कुणी बसलंच नव्हतं!

पण मग हा अल्बम म्हणजे 'जसं झालं तसं' आहे का? नाही. 'स्मोक ऑन द वॉटर' १५ तारखेचं आहे, 'द म्यूल' आणि 'लेझी' १७ चं टोकियोचं, बाकी १६ चं. म्हणजे आपण घरी बसून जी एक सलग कॉन्सर्ट ऐकतो ती कधी झालीच नाही, तीन रात्रींचं शिवण आहे ते. आणि कव्हरचा किस्सा तर अजून भारी. जगभर जे सोनेरी कव्हर सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं त्यावरचा फोटो लंडनच्या रेनबो थिएटरमधला आहे, जपानमधला नाहीच, आणि त्या फोटोत पुढे जी पोरं दिसतात त्यात फिल कॉलन आहे, जो पुढे डेफ लेपर्डमध्ये गिटार वाजवायला लागला. मेड इन जपान म्हणे, फोटो लंडनचा. आम्ही सगळे वर्षानुवर्षं हे कव्हर छातीशी धरून बाकीच्या बँडना खोटारडे म्हणतोय.

तर आता दुसऱ्या बाजूला जाऊ. ईगल्स या अमेरिकन बँडचा १९८० चा लाइव्ह अल्बम निघाला तेव्हा बँड जवळपास फुटलेला होता, त्याच वर्षी जुलैमध्ये लाँग बीचला बँडमधलेच ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर स्टेजवर गाण्यांच्या मधे एकमेकांना तुला बघून घेतो म्हणत होते. अल्बम तर द्यायचा होता, एकत्र बसायची कुणाची तयारी नव्हती, मग टेपा कुरियरने अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायच्या आणि ज्याने त्याने आपापल्या गावात बसून आपापला आवाज दुरुस्त करायचा. प्रोड्युसर बिल शिमझिक स्वतःच गमतीत म्हणायचा की ही हार्मनी (एकत्र गायलेले सूर) फेडरल एक्स्प्रेस कुरियरच्या कृपेने. फॅन लोक या अल्बमचं नाव काढलं की नाक मुरडतात.

आणि थिन लिझी या आयरिश रॉक बँडचा १९७८ चा 'लाइव्ह अँड डेंजरस'? त्याचं नाव काढलं की हेच लोक डोळे मिटून मान हलवतात. या अल्बमचा प्रोड्युसर टोनी व्हिस्कॉन्टी सांगतो की त्यातलं ७५ टक्के स्टुडिओत परत केलेलं आहे, ड्रम्स आणि प्रेक्षकांचा आवाज तेवढा खरा. बँडचा मॅनेजर सांगतो की छे, उलट आहे, ७५ टक्के लाइव्ह, उरलेली डागडुजी, आणि गिटारिस्ट ब्रायन रॉबर्टसनलाही व्हिस्कॉन्टीचं म्हणणं मान्य नाही. म्हणजे प्रोड्युसर आणि मॅनेजर, आकडा दोघांचा एकच, फक्त कशाचे ७५ त्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षं भांडण. आमच्या ग्रुपात एक जण आहे, तो पर्पलच्या बाबतीत इतका कडक की रीमिक्सला हात लावत नाही, पण लिझीचा विषय निघाला की म्हणतो, "अरे ऐकायला भारी वाटतं ना, मग तुला काय करायचंय." बरं, मग ईगल्सला काय झालं? तेही ऐकायला गोडच आहे की.

हा 'ऐकायला भारी ना' वाला मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो फालतू नाहीये. 'किस' या अमेरिकन बँडचं बघा. १९७५ चा 'अलाइव्ह' यायच्या आधी त्यांचे तीन स्टुडिओ अल्बम फारसे चालले नव्हते, स्टेजवर मात्र आग (शब्दशः आग), आणि ती मजा रेकॉर्डवर आणायची म्हणून प्रोड्युसर एडी क्रेमरच्या हाताखाली स्टुडिओत बरंच काही नंतर भरलं गेलं, हे पुढे त्या लोकांनी स्वतः कबूल केलंय. त्यांचं म्हणणं काय, तर आम्ही उड्या मारत होतो, धूर होता, सूर इकडचे तिकडे झाले, पण समोर उभ्या असलेल्या पोराला ते चुकलेले सूर ऐकूच आले नव्हते, त्याला जे ऐकू आलं असं वाटलं ते आम्ही रेकॉर्डवर दिलं. हे लबाड उत्तर आहे, पण पूर्ण खोटं नाहीये. आपण मैफिलीतून घरी येतो तेव्हा आपल्या डोक्यात जी मैफल असते ती झालेल्या मैफिलीपेक्षा नेहमीच जरा बरी असते.

आणि वादकाच्या बाजूनेही बघा ना जरा. एका रात्री मायक्रोफोनची वायर ढिली होती, बिचाऱ्याचा आवाज टेपवर आलाच नाही, मग त्याने पुढची पन्नास वर्षं का म्हणून ऐकून घ्यायचं? 'द हू' या ब्रिटिश बँडचा 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' घ्या, १४ फेब्रुवारी १९७०, लीड्स युनिव्हर्सिटीचं कँटीन म्हणा की रेफेक्टरी, कव्हर मुद्दाम चोरट्या रेकॉर्डसारखं साधं खाकी. अस्सलपणाचा बापच समजतात सगळे त्याला. तर त्यातही गिटारिस्ट टाउनशेंड आणि बेस वाजवणारा एन्टविसल यांचे मागचे आवाज टेपवर नीट आले नव्हते म्हणून नंतर स्टुडिओत एका दमात परत गाऊन घातले. ऐकताना मला तर कधी खटकलं नाही, कळल्यावरही खटकलं नाही.

मग माझं म्हणणं काय? माझं म्हणणं असं की आपण फॅन लोक चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. ओव्हरडब केला की नाही केला यावरून अल्बम चांगला-वाईट ठरत नाही. प्रश्न सांगितलं का नाही हा आहे. लाइव्ह हा शब्द कव्हरवर छापला की ती साक्ष होते, की अमुक रात्री, अमुक ठिकाणी, या पाच माणसांनी हे वाजवलं. साक्षीत काय सांगायचं आणि काय गाळायचं हे साक्षीदाराने निवडलं तर ठीक आहे, तीन रात्रींतल्या चांगल्या जागा निवडल्या तरी वाजवलेल्या त्यांनीच आहेत, त्याच लोकांसमोर, चुकण्याची टांगती तलवार डोक्यावर घेऊन. पण त्या रात्री जे झालंच नाही ते नंतर आत घुसवायचं आणि वर टाळ्या चिकटवायच्या, ते निवडणं नाही. करा हवं तर. पण मग मागे दोन ओळी लिहा की बाबांनो हे हे परत केलंय.

लोक म्हणतात एवढं कोण वाचतं. अहो, याच 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'च्या मूळ रेकॉर्डच्या लेबलवर लिहिलेलं होतं की करकर आवाज येतोय तो बरोबर आहे, दुरुस्त करू नका! १९९५ ला सीडी आली तेव्हा तो आवाज साफ केला, तर त्या सीडीवर पठ्ठ्यांनी लिहिलं की करकर आवाज दुरुस्त केलेला आहे. एवढंच तर मागतोय मी. गंमत बघा, करकरीबद्दल लिहिलं पण परत गायलेल्या आवाजांबद्दल तिथे लिहिलं नाही, म्हणजे प्रामाणिकपणाही सोयीसोयीने. पण त्याच बँडने पुढे चांगला नमुनाही घालून दिला. लीड्सच्या दुसऱ्या दिवशी ते हल या शहरात वाजले, तिथल्या टेपवर पहिल्या काही गाण्यांत एन्टविसलचा बेस आलाच नव्हता, म्हणून ती रात्र चाळीस वर्षं पडून राहिली आणि २०१० ला बाहेर काढताना तेवढ्या गाण्यांना लीड्सचा बेस जोडला. हे त्यांनी उघड सांगितलं. कुणी बोंब मारली? नाही मारली. लोकांनी आनंदाने घेतलं, कारण काय घेतोय ते माहीत होतं.

साफसफाईचं काय, असं कुणी विचारेल, आणि तो खरंच अवघड प्रश्न आहे. बीटल्सच्या 'हॉलिवूड बोल' या अमेरिकेतल्या थिएटरमधल्या कॉन्सर्ट, १९६४ आणि ६५ च्या, तीन ट्रॅकच्या टेपवर होत्या आणि पोरींच्या किंचाळण्यात बँड बुडालेला. १९७७ ला बीटल्सचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिनने त्यातून अल्बम काढला तेव्हा जुनं मशीन तापायचं म्हणून व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून गार हवा मारत बसले होते. २०१६ ला त्याच्याच मुलाने, जाइल्स मार्टिनने, कॉम्प्युटरने किंचाळणं आणि वाद्यं वेगळी करून तो परत काढला. मला हे चालतं. कारण नवीन काही आत आलेलं नाही, जे होतं तेच जरा पुसून दाखवलं, देवघरातला काजळी धरलेला तांब्या घासावा तसं. पण उद्या कॉम्प्युटर घासता घासता बीटल्सचा ड्रमर रिंगोचा एखादा चुकलेला ठोकाही 'घासून' देणार असेल तर मी तिथे नाही म्हणेन. आज तर सॉफ्टवेअरने एकेक अक्षर सुरात बसवता येतं आणि तुमच्या कानाला ते कळणारही नाही, त्यामुळे १९७८ पेक्षा आज हे लिहिण्याची गरज जास्त आहे. आणि नेमकं आजच, फोनवर ऐकताना, कव्हरची मागची बाजू गायब झालीय. गाण्याचे शब्द सरकत येतात स्क्रीनवर, पण कुठली रात्र, कुठला हॉल, टेप कुणी केली, हे शोधून दाखवा.

आपल्याकडच्या लोकांना हे खरं तर पटकन कळायला हवं. आपण मैफिलीच्या खाजगी टेपा ऐकत वाढलेली माणसं. गायक खाकरतो, तबलजी हातोडीने ठोकत तबला लावतो, कुणीतरी चहाचा कप सांडतो, पहिल्या रांगेतल्या कुणाची तरी 'क्या बात है' नेमकी समेवर येते, आणि ते सगळं आपल्याला हवं असतं. १९७१ च्या बांगलादेशच्या मदतीसाठीच्या कॉन्सर्टमध्ये रविशंकरांनी आणि अली अकबर खाँनी वाद्यं नुसती लावली तर न्यूयॉर्कच्या पब्लिकने टाळ्या वाजवल्या, त्यावर रविशंकर शांतपणे म्हणाले की वाद्यं लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं अजून आवडेल अशी आशा आहे. ते अल्बममध्ये ठेवलंय. एखाद्या हुशार माणसाने ते 'उगाच कशाला' म्हणून कापलं असतं तर त्या रेकॉर्डमधली मला सगळ्यात आवडती तीस सेकंदं गेली असती.

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'मेड इन जपान'मधलं १२ मिनिटांचं 'चाइल्ड इन टाइम' ज्या धूनवर उभं आहे ती पर्पलने सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नावाच्या बँडकडून उचललेली, आणि त्या मूळ गाण्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. १९९५ च्या एप्रिलमध्ये पर्पल खरोखरच मुंबईत वाजवून गेले, अंधेरीला, आणि ते रेकॉर्डिंग पुढे त्याच नावाने निघालं. ब्लॅकमोर तोवर सोडून गेलेला, त्याच्या जागी गिटारिस्ट स्टीव्ह मोर्स नवा नवा. जपानच्या शेजारी हे ठेवलं तर फार मोठा अल्बम नाही म्हणणार कुणी. पण आमचा दादा त्याला पूर्ण मार्क देतो, कारण तो त्या गर्दीत होता आणि त्याचं म्हणणं आहे की एका टाळीत त्याचा आवाज आहे. आता बोला. त्या टाळ्या जर कुणी दुसऱ्या गावच्या कॉन्सर्टमधून आणून चिकटवल्या असत्या तर दादाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

पर्पलच्या बाबतीत माझा विश्वास बसतो त्याला आणखी एक कारण आहे. त्या तिन्ही रात्री आता जवळपास पूर्ण बाहेर आल्यात, आधी १९९३ ला तीन सीडींच्या सेटमध्ये बऱ्याचशा आणि मग २०१४ ला उरलेल्या. म्हणजे कुणीही बसून ताडून बघू शकतो की १५ ला काय झालं, १६ ला काय, आणि मूळ अल्बमवाल्यांनी काय उचललं. मी एका रविवारी हेच केलं. 'स्मोक ऑन द वॉटर'चा जो सुरुवातीचा रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) आपल्याला पाठ आहे तो ब्लॅकमोर प्रत्येक रात्री सरळ वाजवतच नाही, त्याला कंटाळा, खोडी काढायची हौस, आणि १५ तारखेचंच का उचललं असेल ते लगेच कळतं. बाकीच्या दोन रात्रींचं ऐकताना मला वाईट वाटायच्या ऐवजी उलट मजा आली, की हा माणूस खरंच तिथे उभा राहून त्या क्षणी काय करायचं ते ठरवत होता.

हे सगळं दादाला सांगितलं. आता तो पन्नाशीच्या पुढे गेलाय, कानाला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे हेडफोनच लावून दिला आणि 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' लावलं, पूर्ण, शेवटपर्यंत. सवाल-जवाब झाला, किंकाळी झाली, गाणं खाली यायला लागलं आणि आमच्या कॅसेटला जिथे खट्ट व्हायचं तिथे त्याने बरोब्बर हेडफोन काढला आणि म्हणाला, "पुढचं नंतर कुणीतरी घातलंय."